बाजूला बसून लिहिलेली गोष्ट

लिहिणं अडलं की काय करावं, हे सांगणाऱ्या माणसांची बंगळुरातल्या जयनगरात तेव्हा मुळीच टंचाई नव्हती. टंचाई पाण्याची होती, दुधाची होती, बसची तर होतीच. वसाहत नवीन, रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि त्यांवरून यायला-जायला काही नाही. उपाय मात्र घरोघरी तयार होते. ब्राह्मीचं तेल लावून बघ. पहाटे उठून बस. पूर्वेकडे तोंड कर. रोज एक पान लिहायचंच, मग ते कसंही का होईना. हे सगळं मला अशा माणसांनी सांगितलं, ज्यांनी शाळा सुटल्यावर पोस्टकार्डापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकून घेई. मला उलट बोलता येत नसे. मनातल्या मनात मात्र मी त्या प्रत्येकाला चोख उत्तर दिलेलं आहे, आणि तेही इंग्रजीत, आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर देत तसं, ओठ फारसे न हलवता.

झालं होतं ते असं. मी बी.ए. होऊन घरी होते आणि माझी एक गोष्ट पुण्याच्या एका मासिकात छापून आली होती. संपादकांचं कार्ड आलं: गोष्ट आवडली, दिवाळी अंकासाठी दुसरी पाठवा, श्रावण संपायच्या आत हाती यावी. कार्डावर नाव माझं होतं, पण ते आधी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी वाचलं, मग दादाने वाचलं, मग समोरच्या घरातल्या कन्नड बाईंना त्याचा अर्थ समजावून सांगण्यात आला. मी लायब्ररीतून परत येईपर्यंत अण्णांनी माझ्या वतीने होकार टपालात टाकलासुद्धा होता.

"अण्णा, मला विचारायचं तरी!"

"त्यात विचारायचं काय? एक लिहिलीस, आता दुसरी लिही. हात तोच, शाई तीच."

दादा फॅक्टरीत सुपरवायझर होता. तो बूट काढता काढता म्हणाला, "पहिली कुणालाही जमते. आमच्याकडे पहिला नमुना नेहमी चांगलाच निघतो. दुसरा निघाला तर मशीन खरं."

हे मला फार लागलं, कारण माझी भीतीही तीच होती. चार माणसांत मी कधी एक वाक्य पुरं केलेलं नाही. कुणीतरी मध्ये बोलतं, मी थांबते, आणि मग थांबलेलीच राहते. शाळेत मराठी बोलायला बंदी होती आणि घरात इंग्रजी बोललं की शिष्टपणा, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. त्या गोष्टीत मात्र मी सात-आठ पानं सलग बोलले होते आणि कुणी मध्ये पडलं नव्हतं. दुसरी झाली नसती तर पहिली ही नुसती एक गंमत ठरली असती, लहानपणी कधीतरी धावण्यात बक्षीस मिळावं तशी, आणि मी पुन्हा पाहुण्यांपुढे कॉफीचा ट्रे नेणारी मुलगी झाले असते. मला ते नको होतं. एवढं एकच मला त्या वर्षी पक्कं ठाऊक होतं.

पुढचं सांगताना मला संकोच होतो, पण ते गाळलं तर बाकीचं काहीच कळणार नाही.

आम्ही आधी पेटेत, म्हणजे गावातल्या जुन्या बाजारवस्तीत राहत होतो. पुढे काकांचं कापडाचं दुकान, मागे बोळासारखं लांबच लांब घर, आणि सगळ्यात शेवटी न्हाणीघराला लागून जळणाची खोली. महिन्याचे ते दिवस आले की घरातली बाई त्या खोलीत बसायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात. तोवर कुणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. ताट लांबून सरकवलं जाई, पाणी वरून ओतलं जाई. सकाळच्या शाळेत जंतूंवर धडा शिकलेली मी दुपारी लाकडाच्या ढिगाशेजारी घोंगडीवर बसलेली असे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत 'ताप आला आहे' अशी चिठ्ठी जाई. त्या प्रकाराची मला तेव्हा चीड येई आणि आजही येते. याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये.

पण त्या खोलीत जुनी मासिकं होती. बंब पेटवायला ठेवलेली रद्दी. मी मराठी वाचायला शिकले ती त्या रद्दीवर. अक्षरं आईने पोथीवरून ओळखीची करून दिली होती, तेवढ्या भांडवलावर मी एकेक ओळ ओढत नेत असे. बहुतेक गोष्टींची शेवटची पानं बंबात गेलेली असत. नायिका घर सोडून स्टेशनवर येते, गाडी सुटायची वेळ होते, आणि पुढे काही नाही. मला दुपारभर दुसरा उद्योग नसे, म्हणून मी तिला गाडीत बसवी, कुठेतरी उतरवी, कुणाच्या तरी घरी पोचती करी. पुढे पुढे तर शेवटासकट गोष्ट हाती लागली की मला जरा रागच यायचा.

कागदाला विटाळ होतो का, यावर घरात एकदा चर्चा झाली. अशा बाबतींत शेवटचा शब्द काकूचा, म्हणजे अण्णांच्या थोरल्या वहिनीचा. तिने माझ्या हातातलं पुस्तक लांबूनच वाकून पाहिलं.

"इंग्रजी का? मग असू दे. त्याला आणखी काय विटाळ व्हायचा!"

मराठी कागदांचं काय, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. पहिली गोष्ट मी त्या खोलीत, महिन्या-महिन्याच्या अंतराने, शिसपेन्सिलने लिहिली. 'अगं, दुधावर बघ', 'अगं, ते जरा दे', 'स्वल्प इकडे ये' या हाका बाहेर चालू असत. त्या मला नसत. एरवी आमच्या घरात मुलीच्या हातात पुस्तक दिसलं की ती मोकळी आहे असं समजतात. त्या खोलीत मी मोकळी नव्हते, म्हणून मला वेळ होता. हे मला तेव्हा असं सांगता आलं नसतं. तेव्हा मला फक्त लाकडातले विंचू दिसत.

मग अण्णांना जयनगरात साइट मिळाली. बंगळुरात कुणी जमीन घेत नाही, साइट घेतात. अण्णांची कचेरी नुकतीच नव्या विधानसौधात हलली होती आणि त्या इमारतीचं काहीतरी त्यांच्या अंगात आलं होतं. घर बांधलं, वास्तुशांत झाली, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "या घरात ती जुनी पद्धत चालणार नाही. बसणंबिसणं काही नाही. विसाव्या शतकात आहोत आपण." पद्धतीचं नाव त्यांनी घेतलं नाही. आमच्याकडे बाप-लेकीत तो शब्दच निघत नाही. आई भात वाढत होती. ती म्हणाली, "सरी." कन्नडमधल्या या शब्दाचा अर्थ 'बरं' एवढाच, पण आईच्या तोंडी त्याचे पाच-सहा अर्थ होत, आणि त्या दिवशीचा कोणता ते मला कळलं नाही. मला आनंद झाला होता. खरोखरच झाला होता. शाळेतल्या एका मैत्रिणीला मी आमच्या घराबद्दल पहिल्यांदा अभिमानाने लिहिलं.

आणि माझं लिहिणं बंद पडलं.

हे लगेच ध्यानात आलं नाही. आधी वाटलं घर लावायची गडबड आहे. मग वहिनी बाळंतपणाला बेळगावला गेली आणि तिची कामं माझ्याकडे आली, तेव्हा वाटलं त्यामुळे असेल. कार्ड आल्यावर मात्र अण्णांनी कारणंच संपवून टाकली. त्यांनी माझ्यासाठी टेबल करवून घेतलं. सागवानी, दोन खणांचं, वर हिरवं कापड. ते हॉलमध्ये, आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल असं मांडलं. "हिचं लिहायचं टेबल," अण्णा पाहुण्यांना सांगत. पाहुणे टेबलाकडे बघत, मग माझ्याकडे, मग टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे. एका गृहस्थांनी तर कागद उचलून मागची बाजूही पाहिली.

गोष्टीची सुरुवात माझ्याजवळ होती. एक नवी सून सासरी पहिल्यांदा स्वयंपाकाला बसते. तिला मीठ सापडत नाही, आणि विचारायची लाज वाटते. इथवर मी आले होते. पुढे ती बाई हलायला तयार नव्हती. मी हे एकदा चुकून दादाला सांगितलं. त्या दिवसापासून सगळं घर तिच्या मागे लागलं.

"सापडलं मीठ?" दादा संध्याकाळी सायकल लावता लावता विचारी.

"अगं, चुलीशेजारी असेल," अण्णा म्हणत. "लोक साधारणतः चुलीशेजारी ठेवतात."

समोरच्या बाई गेटमधूनच विचारत, "आय्ता?" म्हणजे झालं का. मी मान हलवी. "स्वल्प स्वल्प बरी," त्या समजुतीने म्हणत, थोडं थोडं लिहीत जा, जशी काही मी आजारातून उठून पेज पीत होते.

मी सगळे उपाय केले. पहाटे उठले. पण जयनगरात नळाला पाणी यायचं ते पहाटेच. "उठलीच आहेस तर दोन बादल्या भरून घे," आई म्हणाली, आणि मग ते रोजचंच झालं. पूर्वेकडे तोंड केलं, तर पूर्वेला स्वयंपाकघर. आईशी नजरानजर झाली की हातात शेंगा यायच्या. ब्राह्मीच्या तेलाने कागदावर डाग पडले. शाळेतल्या सिस्टरना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की लांब फिरायला जावं, एकटीने, झाडांमध्ये. झाडांना लालबाग होती, पण एकटीने जाणं शोभण्यासारखं नव्हतं, म्हणून सोबत दादा. तो एकेका बाकापाशी थांबे आणि विचारी, "काही सुचलं? की अजून एक फेरी मारू?"

शेवटी त्याने एक वेळापत्रक करून माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर डकवलं. त्यात चौकोन होते. रोजचा चौकोन मी भरायचा. माझ्या कोऱ्या कागदांत त्या कोऱ्या चौकोनांची भर पडली.

श्रावण जवळ येत होता. एका दुपारी मी आणि आई तांदूळ निवडत बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "पेटेत असताना ते बरं होतं."

"काय?"

"ते... बाजूला बसणं."

सुपातला आईचा हात थांबला. मला वाटलं ती रागावणार.

"तुला आत्ता कळलं होय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुपारची आडवी झाले असेन, ती तिथे. लाकडं टोचायची, तरी झोप लागायची. तुझ्या अण्णांनी ते एका वाक्यात काढून घेतलं. चांगल्यासाठीच घेतलं, नाही कशाला म्हणू? वर सगळ्या बायका मला सांगतात, नशीब काढलंत हो, असा नवरा मिळाला."

"मग तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

"काय बोलू? मला विटाळ पाळू द्या म्हणू?"

आम्ही दोघी पुन्हा खडे वेचायला लागलो. जी गोष्ट मला आयुष्यभर अपमानाची वाटली, तीच मला परत हवी आहे की काय, या विचाराने माझं डोकं उठलं. नको होती. मला फक्त हाका नको होत्या. पण आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत ठेवलेल्या होत्या आणि अण्णांनी ती खोलीच मोडून टाकली होती, हेतू चांगला असल्यामुळे तक्रारीलाही जागा न ठेवता.

रात्रीच्या जेवणानंतर आईने माझ्यासाठी विषय काढला. मी दाराआड उभी होते.

"ती म्हणते, तिला महिन्यातून थोडे दिवस वेगळं बसू द्या."

"वेगळं म्हणजे?"

"वेगळं म्हणजे वेगळं."

अण्णांना कळायला थोडा वेळ लागला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कॉन्व्हेंटमध्ये घातलं मी तिला, ते यासाठी? आणि बसायला टेबल आहे की!"

"ते हॉलमध्ये आहे."

"मग? तिथे वारा छान येतो."

मी सगळं धैर्य गोळा करून आत गेले. मला सांगायचं होतं की मला चाल नको, कोपरा द्या. "अण्णा, मला..." एवढं म्हटलं.

"तू काही बोलू नकोस," अण्णा अगदी मायेने म्हणाले. "मला कळतं. तुझ्यावर लहानपणी जुने संस्कार झालेत. जातील हळूहळू."

मी हॉलमध्ये येऊन त्या हिरव्या कापडाकडे बघत राहिले. घरात एकुलता एक सुधारक असावा आणि त्याने आपल्यालाच जुनाट ठरवावं, यावर हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, हे मला ठरवता येईना.

श्रावण लागला आणि पेटेतल्या घराचं छप्पर गळायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत काकू आमच्याकडे राहायला आली, आपले देव, आपली भांडी आणि आपली शेगडी घेऊन. आल्या आल्या तिने सगळं घर हिंडून पाहिलं.

"छान आहे हो. सगळं आहे. आणि बायका कुठे बसतात?"

अण्णांनी घसा साफ केला. "वहिनी, आम्ही ते बंद केलंय."

"बंद केलंय? मग मला पेटेत नेऊन सोडा. गळक्या घरात बसेन, पण इथे मला पाणीसुद्धा चालायचं नाही."

अण्णांची आई ते लहान असताना गेली. ते काकूच्या हातचं जेवून मोठे झालेले. त्यांनी विसाव्या शतकाची बाजू मांडली खरी, पण उभ्याने, आणि आवाज लहान लहान होत गेला. शेवटी म्हणाले, "तुम्ही आहात तोवर."

जागा म्हणून गॅरेज ठरलं. कधीतरी मोटार घेऊ म्हणून अण्णांनी घराबरोबरच ते बांधून घेतलं होतं. मोटार आलेली नव्हती. आत उरलेलं सिमेंट, फरशांचे तुकडे आणि नारळाच्या झावळ्या होत्या. रस्त्याच्या बाजूला लाकडी दार, दाराला फटी. माझी वेळ आली तेव्हा मी घोंगडी, कागद आणि पेन्सिली घेऊन आत शिरले, आणि इतक्या लगबगीने शिरले की काकू आईला म्हणाली, "हिला बरं आहे ना ग?"

मी भिंतीला टेकून बसले. कागद मांडीवर घेतला. सून मिठाशिवाय चुलीपुढे बसलेली होतीच.

तेवढ्यात फटीशी अण्णा आले. "बाळ, हे तात्पुरतं आहे हं. मनाला लावून घेऊ नकोस." मग फटीला डोळा लावून, "लिहितेस ना? तेवढाच फायदा."

अण्णा कचेरीत गेले. समोरच्या बाईंना कुणीतरी बातमी दिली होती. त्या रस्त्यावरूनच म्हणाल्या, "आय्ता?" दुपारी काकू ताट सरकवायला आली आणि तिने चौकशी केली, कारण मिठाची हकिकत तोवर तिच्यापर्यंत पोचली होती. "वेंधळी आहे हो तुझी सून. माणसाने पहिल्या दिवशी आधी डबे उघडून बघावेत." संध्याकाळी दादाने सायकलवरून न उतरताच फटीला तोंड लावलं. "आज किती पानं?"

एकही नाही. एक ओळ, तीही खोडलेली. पेटेत मी जळणाच्या खोलीत आहे हे सगळे विसरून जात. इथे सगळ्यांना ठाऊक होतं की मी कुठे आहे आणि कशासाठी खूश आहे. काकूसाठी का होईना, घराने विसाव्या शतकातून माघार घेतली होती, आणि आता सगळे फळाची वाट बघत होते. मी त्या दिवशी चिडून रडले. रडतानाही आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरावा लागला, कारण फटीशी कोण असेल सांगता येत नव्हतं. श्रावण संपत आला होता. पुण्याला टपाल पोचायला लागणारे दिवस काढले, तर हा मुक्काम संपायच्या आत गोष्ट संपायला हवी होती. नाहीतर दिवाळी अंक गेला, आणि दादाचं बोलणं खरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं दार उघडलं. आई होती. बगलेत चटई.

"सरक जरा."

"तू?"

"का? मला नको यायला?"

आईची वेळ ती नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. आम्ही दोघींनी त्यावर एक अक्षरही काढलं नाही. पेटेत आम्ही त्या खोलीत कधी एकत्र बसलो नव्हतो. ती आत असली की मी बाहेर, मी आत असले की ती बाहेर तिचं आणि माझं दोन्ही काम करत. तिने झावळ्या बाजूला सारून चटई पसरली, हाताची उशी केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेली.

वहिनी बेळगावला. आई आणि मी गॅरेजमध्ये. घरात उरली काकू आणि दोन पुरुष. थोड्याच वेळात आतले आवाज यायला लागले.

"नळ भरायचा राहिलाय. कोण भरणार? मी?" हा काकूचा.

"वहिनी, कचेरीला उशीर होतोय."

"मग लवकर उठायचं. आणि तो कुठे गेला? अरे ए, फॅक्टरी चालवतोस म्हणे. ये, जरा खवणी चालव."

"काकू, मला येत नाही."

"नारळ त्या बाजूने नाही रे! अर्धा हातच खवशील आता."

भांडं पडलं. अण्णा काहीतरी म्हणाले. पुन्हा भांडं पडलं. आई झोपेतच किंचित हलली आणि पुन्हा संथ झाली. मी जवळजवळ उठले होते, सवयीने. मग लक्षात आलं की मला उठता येत नाही. मला शिवायचं नाही.

दुपारपर्यंत फटीशी कुणीही आलं नाही. कुणाला वेळच नव्हता. समोरच्या बाईंनासुद्धा काकूने दळणाच्या चौकशीत अडकवून ठेवलं होतं. आणि केव्हातरी, मी तिच्याकडे बघत नसताना, माझ्या सुनेने मीठ शोधायचं सोडून दिलं. तिने आमटी तशीच अळणी वाढली. सासऱ्यांनी एक घास घेतला आणि सासूकडे पाहिलं. सासूने दिराकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी पथ्यासाठी असेल, आणि सगळे गुपचूप जेवले. रात्रीही तसंच. मग मला लिहायला हात पुरेना. त्या घरात कोण कोणाला काय विचारत नाही, याची मला इतकी माहिती होती की माझं मलाच नवल वाटलं. त्या दिवशी लिहिलं, तिसऱ्या दिवशी लिहिलं. आई जेवायला उठे, ताटातलं निम्मं जेवण अण्णांच्या हातचं आहे हे चवीवरून ओळखून काही न बोलता संपवी, आणि पुन्हा झोपे. इतकी झोप एका माणसात साठलेली असते, हे मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी काकू दारात आली. "चल ग, उठ. पाणी तापलंय. न्हाऊन घे."

शेवट राहिला होता. अळणी आमटीचं कोडं कुणीतरी सोडवायचं होतं, आणि कोण सोडवणार ते मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, पण उजेड गेला होता. आत जाऊन न्हायले असते की हाका सुरू झाल्या असत्या. दोन दिवसांचं घर उपसायला पडलेलं होतं. मी कागद गोळा करायला लागले. बोलायला म्हणून तोंड उघडलं, पण ते नेहमीसारखंच उघडं राहिलं.

"तिचं नाही झालं अजून," आई चटईवरून म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"नाही झालं म्हणजे? चौथा ना आज?"

"होतं कधी कधी असं. स्वल्प पुढे जातं."

काकूने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या कागदांकडे, बोटांना लागलेल्या शिशाकडे. त्या जळणाच्या खोलीत तिचीही कितीतरी वर्षं गेली होती. ती तिथे काय करत असे, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"आणि तुझं ग?" तिने आईला विचारलं.

"माझं तर आत्ता कुठे सुरू झालंय, अक्का."

काकू उंबऱ्यावरून मागे सरली. मग तिने दार लोटून घेतलं. आत जाताना तिचा आवाज ऐकू आला, अंगणभर जाईल असा. "अरे, नळ भरा! आजही दोघी बसल्यात. आणि त्या मुलीशी कुणी बोलायचं नाही, विटाळ होतो."

दुपार उतरायच्या आत गोष्ट संपली. शेवटच्या ओळीखाली मी रेघ मारली आणि आईला सांगायला वळले. ती तोंडावर पदर घेऊन झोपली होती, गुडघे जरा पोटाशी घेऊन, लहान मुलीसारखी. मी हाक मारली असती तर ती उठली असती, आणि एकदा उठली की सरळ स्वयंपाकघरात गेली असती. आतून अण्णांच्या हातून काहीतरी करपल्याचा वास येत होता.

मी नवा कागद घेतला आणि शेवटचं पान पुन्हा पहिल्यापासून, शक्य तितक्या हळू, सुवाच्य अक्षरात लिहायला लागले.